बसलेल्या माणसाचं माप बसवूनच घ्यायचं

मागच्या अंकात सासऱ्यांच्या शर्टाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपल्या हाताने शर्ट घातला तेव्हा पंचवीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत बसलो होतो. त्या चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मिरजेत चौतीस वर्षं माझं शिवणकामाचं दुकान आहे. इथे दवाखाने इतके, की बाहेरगावचा पेशंट आणि त्याच्यासोबतचं माणूस दोघंही कधी ना कधी कुठल्या तरी शिंप्याच्या दारात येतातच. त्यामुळे या कामाची मला सवय आहे. या महिन्यात ब्लाऊजचे गळे राहू देत, आजारी आणि अपंग माणसांच्या कपड्यांबद्दलची ही पत्रं घेऊ.

प्रश्न : सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. डावा हात चालत नाही. ते निवृत्त शिक्षक आहेत. घरात सगळे म्हणतात कुडता किंवा टी-शर्ट घाला, पण त्यांना बटणांचा पांढरा शर्टच लागतो. वेलक्रो लावून दिलं तर तो शर्ट त्यांनी पुन्हा अंगाला लावला नाही. काय करावं? (कराड)

वेलक्रो तुम्ही सलग पट्टी लावलं असणार. वरपासून खालपर्यंत पट्टी लावली की शर्टाची छाती पुठ्ठ्यासारखी होते आणि बसल्यावर पोटाशी फुगते. आणि तो आवाज! माझे सासरेही शिक्षकच होते. ते म्हणाले, "चारचौघांत फर्रकन छाती उघडल्यासारखं वाटतं." तुमच्या सासऱ्यांची तक्रारही बहुधा हीच असेल. एकदा विचारून बघा.

असं करा. शर्ट त्यांचाच जुना, अंगवळणी पडलेला घ्या. उजव्या पट्टीवरची बटणं उसवा आणि ती डाव्या पट्टीवर, काजाच्या बरोबर वर, काज बंद करून पक्की शिवून टाका. बघणाऱ्याला शर्ट बटणं लावलेलाच दिसतो. आता त्या प्रत्येक बटणामागे, डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला, वेलक्रोच्या मऊ बाजूचा दोन सेंटिमीटरचा चौकोन. उजव्या पट्टीवर, जिथून बटण काढलं तिथे, खरखरीत बाजूचा चौकोन, तोंड बाहेर करून. खरखरीत बाजू कातडीकडे कधीही येऊ द्यायची नाही. आणि धुवायला टाकताना सगळे चौकोन मिटवून टाका, नाहीतर बादलीतल्या टॉवेलचे सगळे धागे तिथे येऊन बसतात.

बाहीचं काम वेगळं. मनगटाचं बटण इलॅस्टिकच्या दोऱ्याने लावा. ते लावलेलंच राहू द्यायचं, हात आत सरकताना दोरा ताणतो. काखेत, मुंढ्याच्या शिवणीत, शंकरपाळ्याच्या आकाराची एक कळी घाला, हाताच्या बोटांएवढी लांब. जुन्या कुडत्यांना असायची तीच. लुळा हात वर उचलता येत नाही, त्यामुळे जागा खालून द्यावी लागते. घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी, हे तर तुम्हाला दवाखान्यात सांगितलंच असेल. पण शर्ट त्यासाठी कापलेला नसेल तर नियम पाठ असून उपयोग नाही.

पायजम्याची नाडी एका हाताने बांधता येत नाही. नेफ्यात इलॅस्टिक घाला आणि पुढे नाडीची छोटी गाठ नुसती शिवून ठेवा. कमरेला आतून दोन्ही बाजूंना कापडी पट्टीचे फासे लावा, अंगठा अडकवून पायजमा वर ओढता येतो. माझ्या सासऱ्यांना शर्टापेक्षा या फाशांचं कौतुक जास्त होतं. संडासला जाताना कुणाला हाक मारावी लागत नाही, याला ते "पेन्शनपेक्षा मोठी गोष्ट" म्हणायचे.

आवाजाचा त्रास फारच असेल तर वेलक्रोऐवजी चुंबकाची बटणं मिळतात, पट्टीच्या आत शिवायची. पण त्याआधी विचारा, छातीत पेसमेकर आहे का? मी हे न विचारता एका आजोबांच्या शर्टाला सहा चुंबकं शिवली होती. शर्ट न्यायला आलेली त्यांची मुलगी बोलता बोलता म्हणाली, बाबांचा पेसमेकर बदलायला आलोय. माझे हातपाय गार पडले. चुंबक त्या यंत्रापासून निदान सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, लांब हवं, आणि शर्टाची पट्टी तर छातीवरच येते. तिला बसवून ठेवून सगळं उसवलं. तेव्हापासून माझ्या मापाच्या वहीत नावाखाली पहिला प्रश्न तोच असतो. चुंबकावर गरम इस्त्रीही फिरवू नका, जास्त तापलं की जोर जातो.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची आहे. अपघातानंतर कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर वापरते. फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे आणि मला नऊवारी नेसायची आहे. घरचे म्हणतात तुला ड्रेसच बरा. दोन दुकानांत गेले, एकीकडे ट्रायल रूममध्ये खुर्ची जात नव्हती, दुसरीकडे माझं माप मला सोडून आईलाच विचारत होते. (निपाणी)

नेस. बिनधास्त नेस. फक्त नेसण्याऐवजी शिवून घे. पुण्या-मुंबईत धडधाकट मुली ढोल-ताशात नाचायला शिवलेली नऊवारी घालतात, पाच मिनिटांत चढवतात, आणि त्याला कुणी "अपंगांची साडी" म्हणत नाही. तुझी साडी त्यांच्या साडीची चुलतबहीणच.

आता कामाचं. माप बसूनच दे, तुझ्या खुर्चीत, रोज बसतेस तशी. उभ्या माणसाच्या मापाने शिवलेला कपडा बसल्यावर मागून खाली सरकतो, पुढे पोटाशी गोळा होतो आणि पायात तोकडा पडतो. तुझ्या साडीला मागची बाजू कमरेपाशी तीन-चार इंच उंच हवी, पुढची तेवढीच कमी, आणि पायाची लांबी उभ्या मापापेक्षा तीन इंच तरी जास्त.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काष्टा. नऊवारीचा काष्टा मागे खोचला की तिथे कापडाचे सात-आठ पदर आणि वर जरीचा काठ. उभं असताना तो दिमाख. तू मात्र त्यावर पाच तास बसणार, आणि खाली काही टोचलं तरी तुला कळणार नाही. एक चुणी किंवा एक जाड शिवण एवढ्यावर कातडी फुटते, बेडसोअर होतो. म्हणून बैठकीखाली काष्टा ठेवायचाच नाही. तिथे साडीही नको, मऊ धुतलेल्या मलमलीचं एकसंध कापड लावायचं, मधोमध शिवण न घेता. काठ दिसतो कुठे? पोटऱ्यांवरून घोट्यापर्यंत. तो तिथे लाव, ठसठशीत लाव. खुर्चीत बसल्यावर मागचं कोण बघतंय?

निऱ्या कमरेपासून घेऊ नकोस, पोटावर डोंगर होतो. मांडीच्या मध्यापासून निऱ्या शिवून खाली गुडघ्यांवरून सोडायच्या, वरच्या भागात सपाट कापड. पदर लांब सोडलास तर चाकात जाणार. आपल्याकडे शेतात भांगलणीला बायका पदर पाठीवरून आणून उजवीकडे कमरेला खोचतात ना, तसाच तो शिवणीत कायमचा खोचून टाकायचा. रुबाबही दिसतो. चाक तू स्वतः ढकलत असशील तर ब्लाऊजची बाही कोपराच्या वर संपव आणि पाठीला जरा ढिलाई ठेव, खांदे पुढे घेताना ताण येतो.

पत्रात तू लिहिलं नाहीस, पण लघवीची नळी आणि पायाला बांधायची पिशवी असेल तर शिंपिणीला मोकळेपणी सांग. पोटरीच्या आतल्या शिवणीत वीतभर चेन ठेवली की पिशवी रिकामी करायला अख्खी साडी उतरवावी लागत नाही. लग्नाच्या पंधरा दिवस आधी ही साडी घालून घरी दोन तास बस, मग आईला किंवा बहिणीला कातडी बघायला सांग. कुठे लाल डाग उठून तो राहिला असेल, तर त्या जागची शिवण हलवायची.

आत्या-मावश्या म्हणतील, पैठणी कापायची? आईची असेल तर कापू नकोस, तिचा शेला कर. कापायला साधी इरकल किंवा सेमी-सिल्क घे.

त्या दुकानांचं म्हणशील, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि त्यातल्या कलम 43 मध्ये वापराच्या वस्तू सगळ्यांना वापरता येतील अशा घडवण्याला सरकारने चालना द्यावी असं लिहिलंय. कलम चांगलं आहे. ट्रायल रूमचा दरवाजा मात्र अजून तेवढाच आहे. माझ्याही दुकानाला दोन पायऱ्या होत्या. एका मुलीचं माप मी पावसात, फुटपाथवर छत्री धरून घेतलं, आणि त्याची लाज वाटली तेव्हा कुठे उतार करून घेतला. म्हणजे मीही सव्वीस वर्षं उशिराच केला.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. शाळेचा गणवेश घातला की अर्ध्या तासात काढून फेकतो. बाई म्हणतात हट्टी आहे. (सांगली)

हट्ट नव्हे, टोचतंय त्याला. गळ्यामागचं लेबल कापू नका, उसवा. कापल्यावर उरणारी कड जास्त टोचते. गणवेशाच्या टेरिकॉटखाली जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन उलटा करून घाला, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. कमरेचं इलॅस्टिक नेफ्यात असेल तर बरं, थेट कातडीला लागणारं बदला. नवा गणवेश चार-पाच वेळा धुऊन मगच द्या. आणि त्याच रंगाचं सुती कापड घेऊन शिवून द्यायला शाळेची परवानगी मागा. लांबून फरक कुणालाही कळत नाही.

प्रश्न : मी पूर्ण अंध आहे, कॉलेजच्या वसतिगृहात राहते. कपडे सगळे स्पर्शाला सारखेच, रंग कळत नाहीत. मोबाइलचं अ‍ॅप रंग सांगतं, पण ट्यूबलाइटमध्ये निळ्याला काळा म्हणतं. काही खूण करता येईल? (कोल्हापूर)

येईल, आणि त्यात माझी फजिती कशी झाली ते आधी सांगते. अशाच एका मुलीसाठी मी हौसेने फ्रेंच नॉटच्या गाठींनी ब्रेल अक्षरं भरली. "नि" निळ्याचा, "पि" पिवळ्याचा. दोन दिवस डोळे फोडले. तिने बोट फिरवलं आणि हसत सुटली. म्हणाली, "काकू, हे वाचायला मला हत्तीचं बोट लागेल." ब्रेलच्या दोन ठिपक्यांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर असतं, आणि माझ्या गाठी त्याच्या दुपटीने लांब. शिवाय धुऊन इस्त्री केल्यावर चपट्या झाल्या.

मग उपाय तिनेच सांगितला. नव्या शंभराच्या नोटेच्या कडेला चार उठावाच्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. तसंच नुसतं मोजायचं. डाव्या कुशीच्या शिवणीत, आतून, कमरेच्या जरा वर, जाड दोऱ्याच्या आडव्या रेघा भरायच्या. एक म्हणजे पांढरा, दोन काळा, तीन निळा, असं तुझं तू ठरव. फिक्या छटेला शेवटी एक गाठ. ओढणीला तीच खूण कोपऱ्यात, म्हणजे जोडी चुकत नाही. छापील नक्षी असेल तर रेघेच्या टोकाला लहान टिचबटण लाव, बोटाला लगेच कळतं. जागा सगळ्या कपड्यांत एकच हवी, नाहीतर सकाळी साडेसातच्या लेक्चरला अख्खा ड्रेस चाचपत बसशील.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. डावी बाजू काढली आहे. जुने ब्लाऊज होत नाहीत, नवीन शिवायला कुणाकडे जायची लाज वाटते. (नाव नको, इचलकरंजी)

ताई, दुपारी दोन ते चार दुकानात कुणी नसतं. माझ्यासारखीच वेळ तुमच्या गावातल्या एखाद्या शिंपिणीलाही असेल. दार लोटून घ्या आणि सरळ सांगा. या कामात आम्ही बायकांची सगळी अंगं बघितलेली असतात, त्यात लाजण्यासारखं काही उरलेलं नसतं.

ब्लाऊजला आतून, डाव्या बाजूला, मऊ सुती कापडाचा खिसा, तोंड काखेच्या दिशेने. त्यात पॅड बसतं, आणि धुताना काढता येतं. पॅड हलकं असेल तर ती बाजू दिवसभरात वर चढते. ब्लाऊजच्या खालच्या पट्टीत, त्याच बाजूला, एखादं छोटं वजन घाला. टक्स, म्हणजे छातीच्या आकारासाठी घेतलेले चिमटे, दोन्ही बाजूंना सारखेच राहू द्या. काही जणी डावीकडचा टक्स काढून टाकतात आणि मग वरून कापड पोकळ दिसतं. हूक पुढेच. मुंढा आणि दंड ढिला ठेवा, काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर हाताला सूज येऊ शकते आणि घट्ट बाही नकोच. दंडाचं माप संध्याकाळी घ्या, सूज तेव्हा जास्त असते. सूज असेलच तर आधी डॉक्टरांना दाखवा, ब्लाऊज नंतर.

प्रश्न : मी पुण्यात फॅशन डिझाइन शिकते. अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे अपंग माणसांच्या गरजेप्रमाणे बेतलेल्या, कपड्यांवर प्रोजेक्ट आहे. हे परदेशात कधी सुरू झालं आणि आपल्याकडे काय आहे?

तुझ्या प्रोजेक्टसाठी एक साल देते, 1955. न्यूयॉर्कमध्ये हेलन कुकमन नावाच्या डिझायनरने डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेसाठी अपंग माणसांच्या कपड्यांचं काम हाती घेतलं ते साधारण याच सुमारास. त्यातून "फंक्शनल फॅशन्स" नावाने कपडे निघाले. वेलक्रोचं पेटंटही त्याच वर्षीचं. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनीअरने कुत्र्याला फिरवून आणलं, तर त्याच्या केसांत काटेरी फळं अडकलेली. आपल्या आघाड्याच्या बिया साडीला चिकटतात तशी. आपण त्या झटकून टाकतो, त्याने भिंगाखाली धरल्या आणि त्यातून वेलक्रो निघालं. आणि मुंबईत हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनही 1955 चीच. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपीवाल्यांना, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्यांना, भेट. माणूस शर्टात हात घालताना नेमका कुठे अडकतो हे त्यांच्याइतकं कुठलाच डिझायनर बघत नाही.

अलीकडचं सांगायचं तर 2012 मध्ये मॅथ्यू वॉल्झर या अमेरिकन मुलाने नाइकीला पत्र लिहिलं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही. कॉलेजला जायचंय आणि बुटाची नाडी दुसऱ्याकडून बांधून घ्यावी लागते, अशी त्याची अडचण. 2015 मध्ये मागून चेनने उघडणारा बूट बाजारात आला. आता तो बूट गरोदर बायकाही घालतात.

आपल्याकडे "आहे काय" विचारतेस, तर आजीची पेटी उघड. झबलं म्हणजे काय? ज्याला स्वतःचे हात बाहीत घालता येत नाहीत, त्याच्यासाठी मागून उघडा ठेवलेला कपडा. बंदांची बंडी म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या पोटाला पुरणारा शर्ट. आपण हे सगळं शिवत होतो, फक्त त्याला नाव इंग्रजी नव्हतं म्हणून प्रोजेक्टमध्ये बसत नाही. एक मागणं आहे. प्रोजेक्टचा कपडा पुतळ्यावर चढवून फोटो काढू नकोस. ज्याच्यासाठी शिवलास त्याला आठवडाभर घालू दे, आणि तो काय शिव्या देतो ते लिही.

प्रश्न : एवढा घाट कशाला? सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. मॅक्सी मागून फाडून घातली की झालं. (तासगाव)

मॅक्सी मागून उघडी करायची कल्पना बरोबर आहे, पण फाडू नका, शिवा. मागचे दोन भाग एकमेकांवर सहा इंच येतील असे ठेवा म्हणजे कूस बदलताना अंग उघडं पडत नाही. बंद पाठीखाली नको, दोन्ही खांद्यांवर टिचबटणं लावा. पाठीखाली गाठ, हूक, जाड शिवण काही नको. कापड सुती, रंग त्यांच्या आवडीचा.

आवडीचा रंग कुठला ते त्यांना विचारलंत का? माझ्या सासूबाई शेवटचं दीड वर्ष पडूनच होत्या. मी मोठ्या हुशारीने अशा चार मॅक्स्या शिवल्या, फिक्या निळ्या, दवाखान्यासारख्या. त्यांनी हात फिरवून बघितल्या आणि म्हणाल्या, "खिसा कुठाय?" जन्मभर लुगडं नेसलेली बाई, मिश्रीची डबी कमरेच्या केळात, म्हणजे लुगड्याच्या खोचलेल्या घडीत, ठेवायची सवय. मॅक्सीला केळं कुठून येणार? त्याच दिवशी चारही मॅक्स्यांना खिसे लावले. उजव्या अंगाला, पडल्या पडल्या हात पोचेल इतके वर, बरगडीपाशी, तोंड जरा तिरकं म्हणजे कूस बदलली तरी डबी घरंगळत नाही. तुम्हीही लावताना तिथेच लावा.